गेटवर कोण उभं आहे?

३० सप्टेंबर २०२४ रोजी बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात बारावीत शिकणाऱ्या एका मुलाचा कोयत्याने खून झाला. मारणारी मुलं त्याच्याच वयाची होती. कारण म्हणजे आधीच्या एका भांडणाचा मनात धरलेला राग.

आमच्या दौंड तालुक्यातल्या वरवंडहून बारामती लांब नाही. पाटसला वळून उंडवडीच्या रस्त्याला लागलं की तासाभरात माणूस पोचतो. आषाढीला तुकोबांची पालखी वरवंडला मुक्काम करून याच रस्त्याने पुढे जाते. दहावी झाली की या पट्ट्यातली बरीच मुलं कॉलेजसाठी बारामतीची, दौंडची, नाही तर पुण्याची वाट धरतात. त्यामुळे वरवंड, पाटस, कडेठाण, केडगाव इथल्या आईबापांना ही बातमी परक्या गावची वाटणं शक्यच नव्हतं. पुढे २५ जून २०२५ ला अहिल्यानगरच्या एका शाळेत आठवीतल्या मुलाने दहावीतल्या मुलाला भोसकून मारलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदाबादच्या एका शाळेत जवळपास तसंच घडलं, तिथेही आठवीचा मुलगा आणि दहावीचा मुलगा. त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये उदयपूरच्या सरकारी शाळेतला दहावीचा मुलगा वर्गमित्राच्या चाकूने गेला, आणि शहरात इंटरनेट बंद करण्याची वेळ आली.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक प्रश्न हमखास पुढे येतो. मॉलच्या दारात यंत्र आहे, कोर्टाच्या दारात आहे, पंढरपूरला विठोबाच्या दर्शनबारीतही आहे, मग शाळेच्या गेटवर मेटल डिटेक्टर का नको? विचारणारे आईबाप घाबरलेले असतात, आणि त्यांची भीती खरी असते. म्हणून या प्रश्नाला ‘आपल्याकडे असलं काही नको’ एवढं उत्तर पुरत नाही. यंत्र काय करतं, कुठे उपयोगी पडलं, कुठे हरलं, आणि वरवंडसारख्या गावच्या हायस्कूलच्या गेटवर ते ठेवलं तर काय होईल, हे नीट पाहायला हवं.

आधी यंत्राकडे पाहू. दरवाजासारख्या चौकटीच्या दोन्ही खांबांत तारेची वेटोळी असतात. त्यांतून वीज सोडली की मधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कुठलाही धातू त्यातून गेला की त्या धातूत क्षणभर वीज खेळते, तिचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र उमटतं, आणि खांबातलं ग्राहक वेटोळं ते पकडतं. यंत्राचं ज्ञान इथे संपतं. समोरून गेलेला धातू सुरी आहे की चमचा, हे त्याला कळत नाही. धातू किती मोठा असला म्हणजे आवाज करायचा, एवढं बटणाने ठरवता येतं. बटण खाली ठेवलं तर लहान चाकू निसटतो, वर नेलं तर सगळंच वाजतं. काच, प्लॅस्टिक, दगड, बांबू यांची त्याला गंधवार्ताही नसते. २०२४ मध्ये पुण्याच्या मांजरी भागातल्या एका शाळेत नववीतल्या मुलाने वर्गमित्राच्या गळ्यावर वार केला होता, तो काचेच्या तुकड्याने.

आता वरवंडच्या मुलाचं दप्तर उघडू. स्टीलचा डबा, त्यात स्टीलचा चमचा. स्टीलची पाण्याची बाटली. पत्र्याची कंपासपेटी, तिच्यात कंपास आणि कर्कटक, दोन्ही टोकदार, दोन्ही भूमितीच्या तासाला सक्तीचे. सायकलची चावी. आईवडील दोघंही शेतावर किंवा कुरकुंभच्या कंपनीत गेलेले असतील तर घराच्या कुलपाची किल्ली. गणवेशाच्या पट्ट्याचं बक्कल. मुलींच्या पायांत पैंजण. म्हणजे पहिल्या मुलापासून शेवटच्या मुलापर्यंत प्रत्येक जण यंत्राला वाजवणार. वाजलं की दप्तर उघडून पाहणं आलं. एका मुलाला फक्त दहा सेकंद धरले, तरी हजार मुलांच्या शाळेला एका यंत्रावर दहा हजार सेकंद लागतात. हे पावणेतीन तास झाले. दोन यंत्रं लावली तरी परिपाठ आणि पहिला तास गेलाच. त्यात वाड्यावस्त्यांवरून येणारी मुलं एसटीवर अवलंबून. गाडी उशिरा आली की चाळीस-पन्नास पोरं एकदम गेटवर येतात.

हे गणित जमत नाही म्हणून जगभर एकच गोष्ट घडते. यंत्र वाजत राहतं आणि माणसं जात राहतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या रेल्वे स्थानकांत अशा चौकटी उभ्या राहिल्या. सीएसएमटीवरून संध्याकाळच्या गर्दीत गेलेल्या कुणालाही तो अखंड आवाज आठवेल, आणि त्या आवाजाकडे कुणीच पाहत नव्हतं हेही आठवेल. आवाजाची अशी सवय लागली की ज्या दिवशी खरंच पाहायला हवं, त्या दिवशीही कुणी पाहत नाही. मला हा धोका यंत्र नसण्यापेक्षा मोठा वाटतो. यंत्र नसलं तर निदान आपण सुरक्षित आहोत असा खोटा समज तरी होत नाही.

तरीही यंत्राच्या बाजूचा पुरावा आधी मांडायला हवा, कारण तो आहे. या प्रयोगाचा सगळ्यात लांबचा अनुभव अमेरिकेचा. न्यूयॉर्क शहराने १९८८ मध्ये काही मोजक्या हायस्कुलांत हातातल्या डिटेक्टरने मुलं तपासायला सुरुवात केली आणि पुढे तो कार्यक्रम वाढवला. १९९२ मध्ये तिथल्या मुलांची पाहणी झाली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तिचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. शाळेच्या इमारतीत हत्यार नेल्याचं सांगणारी मुलं डिटेक्टर असलेल्या शाळांत ७.८ टक्के होती, नसलेल्या शाळांत १३.६ टक्के. हा फरक लहान नाही. जाता-येता हत्यार बाळगणारी मुलंही डिटेक्टरच्या शाळांत जवळपास निम्म्याने कमी होती.

त्याच पाहणीतले बाकीचे आकडे मात्र थांबून वाचावेत असे आहेत. कुठे ना कुठे हत्यार बाळगणाऱ्या मुलांचं प्रमाण दोन्ही प्रकारच्या शाळांत सारखंच होतं. धमक्या सारख्याच. मारामाऱ्या सारख्याच, शाळेच्या आतही आणि बाहेरही. म्हणजे यंत्राने काही हत्यारं इमारतीबाहेर ठेवली, पण मुलांमधलं भांडण जिथल्या तिथे राहिलं. पुढे २०११ मध्ये तिथल्या अभ्यासकांनी पंधरा वर्षांतलं संशोधन चाळलं. हाताशी लागले अवघे सात अभ्यास. डिटेक्टरने हिंसा कमी होते असं म्हणायला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. उलट काही अभ्यासांत दिसलं की यंत्र असलेल्या शाळांतल्या मुलांना आपली शाळा कमी सुरक्षित वाटते. रोज सकाळी आपल्यावर संशय घेऊन आत सोडणारी जागा घरासारखी कशी वाटावी?

मग त्या दिवशी बारामतीत गेटवर यंत्र असतं तर? कदाचित कोयता आत आला नसता. हे मोकळेपणाने मान्य करतो. एक जीव त्या दुपारी वाचला असता ही शक्यता कुणाही आईसमोर क्षुल्लक म्हणता येणार नाही. पण राग मनात होता, कोयता घरी होता, आणि कॉलेज सुटल्यावरचा रस्ता सगळ्यांसाठी उघडा होता. शिवाय आपल्या आवारांना एकच दार असतं असंही नाही. कुंपण कुठे पडलेलं, कुठे मैदानाच्या कडेने पायवाट, कुठे भिंतच नाही.

कोयत्याबद्दलही बोलायला हवं. पुण्यात गेली काही वर्षं ‘कोयता गँग’ हा शब्द लहान पोरांच्या तोंडी बसला आहे. दौंड-शिरूरच्या पट्ट्यात मात्र कोयता हे आधी पोटापाण्याचं अवजार आहे. भीमा-पाटस कारखान्याच्या परिसरातला ऊस त्यानेच तुटतो, गुऱ्हाळावर तोच असतो, दाराच्या मागे तोच टेकवलेला असतो. तोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेल्या टोळ्यांच्या कोप्यांवर दहा-बारा वर्षांची मुलं तो सहज हाताळतात. जिथे हत्यार विकत घ्यावं लागत नाही, लपवावंही लागत नाही, तिथे त्याच्यावर बंदोबस्त ठेवून काय साधणार? लक्ष ठेवायचं ते कोयता उचलायची इच्छा कधी आणि कशी तयार होते त्यावर.

अमेरिकेतलीच आणखी दोन ठिकाणं सांगतो आणि मग आपल्याकडे येतो. मिनेसोटा राज्यातल्या रेड लेक हायस्कूलच्या दारात मेटल डिटेक्टर होता आणि पहारेकरीही. २१ मार्च २००५ रोजी सोळा वर्षांचा एक मुलगा बंदूक उघड हातात घेऊन त्याच दारातून आत आला. डिटेक्टरजवळ उभ्या असलेल्या नि:शस्त्र पहारेकऱ्याला त्याने आधी मारलं. घरी मारलेले आजोबा आणि त्यांची सोबतीण, शाळेतली माणसं आणि शेवटी तो स्वतः धरून दहा जीव गेले. लपवणाऱ्याला यंत्र पकडतं. ज्याला लपवायचंच नाही, त्याला ते काय करणार? दुसरं ठिकाण न्यूयॉर्क राज्यातलं युटिका. तिथल्या शिक्षणमंडळाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी इव्हॉल्व कंपनीची नवी यंत्रं तेरा शाळांत बसवली, खर्च चाळीस लाख डॉलरांच्या घरात. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याच यंत्रातून चाकू आत गेला आणि एका मुलाला भोसकलं गेलं. चाकू पकडावा म्हणून संवेदनशीलता वाढवली, तर जवळपास निम्म्या वेळा यंत्र उगाच वाजू लागलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीवर दिशाभूल करणारे दावे केल्याबद्दल कारवाई केली. नवी यंत्रं घेऊन विक्रेते आपल्याकडच्या संस्थाचालकांच्या दारात येतील, तेव्हा युटिकाचं नाव लक्षात असलेलं बरं.

आपल्या मुलांना मेटल डिटेक्टर अगदी अनोळखी आहे असंही नाही. वरवंडची मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणून नीटच्या केंद्रावर जाते, तेव्हा तिची हातातल्या डिटेक्टरने तपासणी होते. बूट चालत नाहीत, दागिने चालत नाहीत, मोठी बटणं चालत नाहीत. पैंजण काढ, केसातली पिन काढ. ५ मे २०२४ ला देशभरातल्या तेवीस-चोवीस लाख मुलांनी हे सोसलं. आणि पेपर? केंद्रीय तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार तो झारखंडमधल्या हजारीबागच्या एका केंद्रात, पेट्या ठेवलेल्या खोलीतून त्याच सकाळी चोरला गेला. तपास आपल्या लातूरपर्यंत आला आणि तिथल्या शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. लाखो पोरांच्या पिना काढून घेणाऱ्या व्यवस्थेने खोलीची किल्ली कुणाच्या हातात आहे, याकडे पुरेसं पाहिलं नव्हतं.

आता दौंड. जानेवारी २०२५ मध्ये दौंड शहरातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतलं प्रकरण उघडकीला आलं. एका मुलाने प्रगतिपुस्तकावर पालकांची खोटी सही केली. एका मुलीने ते शिक्षकांना सांगितलं. त्या रागातून त्याने, तिच्यावर अत्याचार करून तिला मारून टाकावं म्हणून शाळेतल्याच दुसऱ्या मुलाला शंभर रुपये दिले, अशी तक्रार पोलिसांत झाली. प्रकरण दाबण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून मुख्याध्यापक आणि दोन शिक्षकांवरही गुन्हा नोंदवला गेला. सुदैवाने त्या मुलीला इजा होण्याआधीच सगळं बाहेर आलं.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा येतो. इथे सुरी नव्हती, कोयता नव्हता. शंभराच्या नोटेवर कुठलंही यंत्र वाजत नाही. आणि तरीही गेल्या काही वर्षांत या तालुक्यातल्या शाळांतून आलेली ही सगळ्यात भीतिदायक बातमी आहे. एका मुलीने खरं सांगितलं. सांगितल्यामुळे ती धोक्यात आली. आणि ज्या मोठ्या माणसांनी तिच्या पाठीशी उभं राहायचं, त्यांच्यावरच गोष्ट दडपल्याचा आरोप झाला. न्यायालय जे ठरवायचं ते ठरवेल. पण त्या शाळेतल्या बाकीच्या मुलांनी यातून काय घेतलं असेल? सांगायचं की गप्प बसायचं?

शाळेतल्या हिंसेबद्दल जगाला जे थोडंफार खात्रीने कळलं आहे, ते या प्रश्नाभोवतीच आहे. अमेरिकेच्या सिक्रेट सर्व्हिसने आणि शिक्षण खात्याने मिळून १९७४ ते २००० या काळातले ३७ शाळाहल्ले तपासले. हल्लेखोर ४१ होते. ८१ टक्के घटनांत हल्ल्याआधी किमान एका माणसाला काही तरी माहीत होतं, आणि तो बहुतेक वेळा मित्र, वर्गमित्र किंवा भाऊबहीण होता. जवळपास तीन चतुर्थांश हल्लेखोर आधी कुणाच्या तरी छळाला, चिडवण्याला तोंड देत होते. म्हणजे हल्ला अचानक आभाळातून कोसळत नाही. तो आधी बोलला जातो, स्टेटसला टाकला जातो, मधल्या सुट्टीत कुजबुजला जातो. कुणी तरी ऐकतं आणि ऐकलेलं कुठे न्यावं हे त्याला कळत नाही.

बारामतीच्या घटनेनंतर स्थानिक पोलिसांनी आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी ‘शक्ती अभियान’ सुरू केलं, त्याचा रोख नेमका इथेच होता. शाळा-कॉलेजांत तक्रारींसाठी शक्ती बॉक्स, एक फोन नंबर, आणि समाजमाध्यमांवर हत्यारांसह फोटो टाकणाऱ्या पोरांवर नजर. गेटवर यंत्र बसवण्यापेक्षा हा विचार शहाणपणाचा होता, असं मला वाटतं. पेटी उघडतं कोण, किती दिवसांनी, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीचं नाव तिच्या वर्गात पोचतं की नाही, यावर त्या पेटीचं सगळं भवितव्य आहे. तक्रारपेटी राज्यातल्या शाळांत २०१७ पासूनच सक्तीची आहे. सखी सावित्री समित्यांचा शासननिर्णय मार्च २०२२ चा. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाला तेव्हा पालकांना तक्रार नोंदवायलाच पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावं लागलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि दुसऱ्याच दिवशी सीसीटीव्ही, चारित्र्य पडताळणी, समित्या यांचा नवा शासननिर्णय निघाला. त्या शाळेत कॅमेरे होते. हव्या त्या दिवसांचं चित्रण मात्र मिळालं नाही. आणि ज्याच्यावर आरोप झाला, तो सफाई कर्मचारी म्हणून रोज गेटमधून रीतसर आत येत होता.

गेटवरच्या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. खेड्यातल्या हायस्कूलमध्ये शिकलेल्या कुणालाही शिपाईमामा आठवतील. घंटा वाजवणारे, उशिरा आलेल्याला दटावून आत सोडणारे. हा कुणाचा पोरगा, याचा बाप हल्ली पितो, याच्या घरी भावकीचा वाद पेटला आहे, ही मुलगी चार दिवस डबा आणत नाही, हे त्यांना हजेरीपटाआधी कळायचं. दोन पोरांत काही तरी शिजतंय हे मुख्याध्यापकांच्या कानावर तेच घालायचे. मुलींना काही सांगायचं असलं की मावशी असायच्या. कुठल्याही धोरणात न लिहिलेली ही शाळेची सुरक्षाव्यवस्था होती.

डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थ श्रेणीची ही पदं पुढे भरायची नाहीत असं ठरलं. आहेत ते निवृत्त होतील तशी पदं जातील, आणि त्यांच्या बदल्यात शाळेला ‘शिपाई भत्ता’ मिळेल. ग्रामीण भागासाठी तो महिना पाच हजार रुपये आहे. पाच हजारांत वर्षानुवर्षं गेटवर उभा राहील, आठशे मुलांची नावं लक्षात ठेवेल, असा माणूस कुठून मिळणार? मिळतो तो दुसरं काम लागेपर्यंत टिकतो. ज्या राज्याने गेटवरचा ओळखीचा माणूस काढून घेतला, त्याच राज्यात आता गेटवर यंत्र लावा अशी मागणी होते आहे. ती मागणी करणाऱ्या पालकांना मी दोष देत नाही. काय गेलं हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

पैशाचा हिशेब मांडून पाहू. बऱ्या दर्जाची एक चौकट लाखाच्या आगेमागे धरू. पण चौकट एकटी काम करत नाही. दप्तरं उघडायला एक पुरुष आणि एक बाई लागेल, कारण मुलींच्या अंगाला पुरुषाने हात लावायचा प्रश्नच येत नाही. दोघांना प्रत्येकी महिना पंधरा हजार धरले, तरी वर्षाला तीन लाख साठ हजार झाले. वीज, दुरुस्ती वेगळी. या एका वर्षाच्या पगारात सध्याच्या दराने सहा शिपायांचा वर्षभराचा भत्ता निघतो. किंवा मुलांशी बोलायला शिकलेला एक समुपदेशक पूर्ण वर्ष शाळेत बसू शकतो.

आणि दप्तर उघडायचा अधिकार एकदा कुणाच्या हाती दिला की कुणाचं दप्तर आधी उघडलं जाईल? दौंड आणि शिरूर तालुक्यांत पारधी समाजाच्या वस्त्या आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून पुसला गेला, पण गावाच्या नजरेतून अजून गेलेला नाही. चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या पालावर जातात, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या वस्तीवरची पहिली पिढी आत्ता कुठे आठवी-नववीपर्यंत पोचते आहे. यंत्र सगळ्यांसाठी सारखंच वाजेल. पण घाईच्या सकाळी, शंभर पोरं खोळंबलेली असताना, ‘तू जा’ कुणाला आणि ‘तू थांब’ कुणाला हे माणूस ठरवेल. चारदा थांबवलेलं पोरगं पाचव्या दिवशी शाळेला येणार नाही. अमेरिकेत हेच कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला आलं. लॉस एंजेलिसच्या शिक्षणमंडळाने मुलांची अशी अचानक केली जाणारी तपासणी २०१९ मध्ये मतदान करून बंद करायचं ठरवलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

सुरक्षेचा विचार करायचा तर मुलाच्या दिवसभराच्या वाटेवरून चालून पाहावं. वरवंड पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. शाळा सुटली की सायकली आणि पायी पोरं त्याच रस्त्याच्या कडेने निघतात. बाजूने कंटेनर, उसाच्या ट्रॉल्या, खासगी बस. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली साडेनऊ हजारांच्या आसपास अठरा वर्षांखालची होती. पुढे कालवा आहे, शेततळी आहेत, व्हिक्टोरिया तलाव आहे. उसाच्या फडात बिबट्या आहे. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत बिबट्याने तीन बळी घेतले, त्यांत एक पाच वर्षांची मुलगी आणि एक तेरा वर्षांचा मुलगा. संतापलेल्या लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. तिथल्या बायामाणसांनी शेतात जाताना गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे बांधायला सुरुवात केली. पोरांच्या सुरक्षेसाठी लाखभर रुपये हाती असतील, तर शाळेसमोर वाहनांचा वेग मोडणारी व्यवस्था, वस्तीपर्यंत दिवे आणि वेळेवर येणारी एसटी या गोष्टी यादीत यंत्राच्या कितीतरी वर बसतात.

मग मुलांमधल्या हिंसेचं काय करायचं? ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी समाजआरती होते. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो माणसं गप्प होतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, काय झालं ते ऐकून घेतो, आणि मगच आरती सुरू होते. तक्रार असताना गप्प बसायचं नाही, आणि ऐकून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही पद्धत आपल्याच वाटेवर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. शाळेच्या परिपाठात प्रतिज्ञा होते, सुविचार होतो, बातम्या होतात. कुणाचा टाळ वाजतोय का, हे विचारायची जागा तिथे नाही.

ती जागा नेमक्या माणसांची असावी लागते. वर्गशिक्षकाकडे सत्तर पोरं, त्यात निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचे हिशेब. त्याच्याकडून आणखी एक गोष्ट मागणं अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, शिकवणी वर्गांतही असावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं त्यात आहे. दौंड आणि शिरूर तालुक्यांतली बहुतेक हायस्कुलं या शंभराच्या वर सहज जातात. त्यांतल्या किती शाळांत असा माणूस आज प्रत्यक्ष बसतो, त्याचा पगार कोण देतं, शाळेत मंजूर पद आहे की एखाद्या शिक्षकालाच दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन नाव लावलं आहे, ही यादी दोन्ही पंचायत समित्यांच्या शिक्षण विभागांनी शाळेच्या नावासह जाहीर करावी. शेजारच्या रकान्यात शिपायाचं पद भरलेलं आहे की भत्त्यावर चाललं आहे तेही लिहावं, आणि तक्रारपेटी शेवटची कधी उघडली त्याची तारीख. येत्या ग्रामसभेत वरवंडच्या पालकांनी मेटल डिटेक्टरच्या आधी हे तीन रकाने मागावेत.